हिरामणचं सिन्नरचं घर

जरा टेकून बसा. मी चोपडा बोलतोय. शाळेत पोरांकडे असते तसली वही नव्हे. हातभर लांब, वीतभर रुंद, वरच्या अंगानं शिवलेला, लाल खारव्यात, म्हणजे जाड्याभरड्या कापडात, बांधलेला. नाशिकला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, तीर्थाचं काम करणारी उपाध्यांची घरं आहेत, त्यातल्या एका घरात, पंचवटीत, लोखंडी कपाटाच्या मधल्या खणात माझा मुक्काम असतो. माझ्यावर नामपूर गाव आहे. म्हणजे नामपूरहून जो कोणी आईबापाच्या अस्थी घेऊन आला, लग्न होऊन जोडीनं आला, सिंहस्थात न्हायला आला, त्याचं नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव माझ्यावर उतरलेलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मागाहून हसू नका. मला वाचता येत नाही. अंगभर अक्षरं आहेत, पण मी अडाणी. कुणी मोठ्यानं वाचलं तरच मला कळतं की माझ्यावर काय लिहिलंय. एरवी नुसता हात कळतो. कुणाचा जड, कुणाचा हलका, कुणाचा थरथरणारा.

आणि आडनावं मी सांगणार नाही. तुम्ही कोण, कुठले, मला काय ठाऊक? राग मानू नका. या घरात संशय हा आम्हाला रोजचाच.

मला शिवून घेतलं ते आताच्या बाळाजी गुरुजींच्या आजोबांनी. कडुनिंबाची पानं घातली, खारव्यात बांधलं आणि पहिल्या पानावर गणपतीचं नाव घातलं. तेव्हापासून तीन पिढ्यांचे हात माझ्यावरून फिरले. बोरूचा, मग टाकाचा, आता बॉलपेनचा. बॉलपेन मला आवडत नाही. फार टोचतं.

संशयाचं म्हणाल तर मी कोवळा होतो तेव्हाची गोष्ट. चांगला कोट घातलेला एक माणूस आला. गुरुजींच्या वडलांना म्हणाला, "या दोन ओळींच्या मधी एक नाव बसवा, जागा हाय." कारण काय, तर गावात जमिनीचा वाद आणि चोपड्यातली वंशावळ कोर्टात दाखवायची. वडलांनी टाक खाली ठेवला. मला मिटलं, बांधलं आणि त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेले. तो पाणी न पिताच गेला. तेव्हापासून जो फार प्रश्न विचारतो, त्याच्याकडे मी तिरपा बघतो.

तर अशी एक बाई आमच्याकडे आली. दोन वर्षं झाली असतील त्याला. उज्वला तिचं नाव. सिन्नरला शाळेत शिकवते. खांद्याला झोळी, हातात वही. बाळाजी गुरुजींनी रीतीप्रमाणे विचारलं, "कुठल्या घरचं बघायचं?"

"कुठल्याच नाही," ती म्हणाली. "म्हणजे आजीचं माहेर नामपूर. साळूबाई. पण मला आजीचं नको, दुसऱ्यांचं ऐकायचंय. तुम्ही वाचाल का थोडं?"

झालं. मी खारव्यातल्या खारव्यात ताठ झालो. नव्वद वर्षांत जो आला तो आपलं माणूस शोधत आला. ही परक्यांचं ऐकायला आलेली.

गुरुजीही काही कमी नाहीत. चष्म्यावरून बघून म्हणाले, "कोर्टाचं काही आहे का?"

"नाही हो गुरुजी. कादंबरी लिहितेय."

"म्हणजे खोटंच ना?"

"खोटं नाही. घडलेलं नाही, एवढंच."

"बरं," गुरुजी म्हणाले. ते 'बरं' मला ओळखीचं होतं. मुळीच पटलं नाही की ते तसं म्हणतात.

पण ती येत राहिली. दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की एसटीनं. गुरुजींचं मन मऊ आहे, एकटेपणही आहे. मुलगा गौरांग नि सून स्वानंदी दोघंही नोकरीवाले, सुट्टी सोडली तर दिवसभर बाहेर. त्यामुळे ते मला मांडीवर घेऊन वाचायचे आणि ती ऐकायची. नावं नव्हे, कडेचे शेरे ऐकायची. 'सोबत धाकटी बहीण, बोलत नाही.' 'दुसऱ्या पत्नीनं नाव सांगितलं नाही, लाजली.' 'पावसामुळे तीन दिवस अडकले.' असल्या शेऱ्याला तिचं पेन थांबायचं आणि ती म्हणायची, "परत वाचा ना गुरुजी." मला वाटायचं, ही माझ्या अंगावरचं काय उचलून नेतेय? शब्द तर जागेवरच राहतात. मग हिच्या झोळीत जातंय काय?

एका शनिवारी ती फार उतरलेली होती. चहा पुढे आला तरी हात लावला नाही.

"गुरुजी, माझी माणसं उभीच राहत नाहीत. नाव ठेवते, दोन पानं लिहिते, की पडतात. मीठ नसलेल्या भाकरीसारखी लागतात मला."

गुरुजी हसले. "अहो, नुसतं नाव ठेवून माणूस उभा राहतो का? आमच्याकडे दारात आलेल्याला आम्ही काय विचारतो, बघितलंत ना? गाव कोणतं? बापाचं नाव? आजा? आई कुठल्या गावची? भाऊ किती? बहीण कुठं दिली? सध्या राहणार कुठे? आणि इथं कशासाठी आलात? आठ प्रश्न. आठवं उत्तर देईपर्यंत माणूस रडतो नाहीतर हसतो. तुमच्या माणसांना विचारलंत का एवढं?"

तिनं ते आठही प्रश्न लिहून घेतले. मी मनात म्हटलं, गुरुजी, ही आपल्या घरची विद्या आहे, तुम्ही चहासोबत वाढून मोकळे झालात.

त्याच दिवशी नेमक्या बायडाबाई आल्या.

बायडाबाई नामपूरच्या. माहेर तेच आणि सासरही गावातलंच. सत्तरीला टेकल्यात. वर्षातून एकदा, उन्हाळ कांदा चाळीत भरून झाला की मुलाला, गोरक्षाला, घेऊन येतात. मांडी घालून बसायच्या आधीच त्यांचा प्रश्न येतो. बागलाणच्या, 'आहे'ला 'शे' म्हणणाऱ्या बोलीत.

"गुरुजी, मन्हा भाऊनं नाव उनं का?"

म्हणजे, माझ्या भावाचं नाव आलं का? हा भाऊ हिरामण. सतरा वर्षांचा असताना घर सोडून गेला. माझ्यावर त्याच्या बापाच्या नावाखाली तेवढंच आहे, 'हिरामण, ठावठिकाणा नाही.' बायडाबाईंचा हिशोब साधा आहे. माणूस घर सोडतो, नाव बदलतो, पण म्हातारपणी कधीतरी गंगेवर येतो, आणि उपाध्यापुढे बसला की गावाचं नाव खरंच सांगतो. आला, तर माझ्यावर दिसेल.

"नाही बायडाबाई. अजून नाही," गुरुजी म्हणाले.

"नही? बरं शे."

गोरक्ष चुळबुळला. "माय, पन्नास वर्षांवर झाले. गुरुजी पण म्हणतात, बारा वर्षं खबर नसली की विधी करता येतो. मामाचं आता उरकून टाकू ना. लोक हसतात आपल्याला."

"जित्या माणसाचं श्राद्ध घालू? तुले लाज नही वाटत?"

मग त्या उज्वलाकडे वळल्या. ती कोपऱ्यात बसून ऐकतेय हे त्यांनी पाहिलं होतं. परक्या माणसाला सांगणं सोपं जातं बहुतेक. म्हणाल्या, "मीच सांगितलं व्हतं बापाले. हा मळ्यात राखणीला जातो सांगायचा आणि जायचा तमाशाला. मी बारा वर्सांची. बापानं भाऊबंदांसमोर मारलं त्याले. सकाळी नव्हताच. आता भेटला तर एवढंच इचारायचं शे, रागे शे का मन्हावर?"

उज्वलाचं पेन त्या दिवशी हाललं नाही. नुसती बघत राहिली. मला ते बघणं बरं वाटलं नाही. भुकेलं वाटलं.

पुढच्या शनिवारी गुरुजी दुपारच्या पूजेला गेले तेव्हा ती माझ्याजवळ एकटी होती. मी वाचायच्या बुटक्या मांडणीवर उघडा. तिनं झोळीतून एक सुटा कागद काढला, माझ्यावर ठेवला आणि स्वतःशीच बोलायला लागली. अर्ध्या आवाजात प्रश्न, अर्ध्या आवाजात उत्तर.

"गाव? नामपूर. नाव? हिरामणच राहू दे, शेवटी बदलीन. सध्या राहणार? सिन्नर. सिन्नरची गल्ली मला माहीत आहे. काम? कारखान्यात लेथवर, आता रिटायर. बायको? आशा. मुलगा ज्ञानेश, मुलगी पूजा, नातू सार्थक. इथं कशासाठी आलास, हिरामण?" इथं तिनं पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. मग लिहिलं. हात जड नाही, हलका नाही, घाई नाही. एवढ्या वर्षांत खोटं लिहिणाऱ्याचा हात मी ओळखायला शिकलो होतो, तो नेहमी घाई करतो. हिचा हात खऱ्या माणसासारखा चालला. मी चक्रावलो.

खालून स्वानंदीनं हाक मारली, गाडीची वेळ झाली होती. ती उठली, मला मिटलं आणि गेली. कागद माझ्याच पोटात राहिला.

आता आमच्या घरची एक रीत ऐका. ज्याला येणं जमत नाही, तो घरचा तपशील कागदावर लिहून पोस्टानं नाहीतर शेजाऱ्यापाजाऱ्याबरोबर पाठवतो. तो कागद चोपड्यात त्या-त्या घराजवळ सरकवून ठेवायचा आणि पितृपक्षाची गर्दी ओसरली की गुरुजींनी बसून एकेक माझ्यावर उतरवायचा. आणि दुसरी रीत, एकदा शाईनं लिहिलं की खोडायचं नाही. कधीच नाही.

तुम्हाला पुढचं कळलं असेल.

गुरुजींनी तो कागद वाचला आणि त्यांचा आवाज फुटला. "स्वानंदी! अगं, हिरामण सापडला! बायडाबाईंचा हिरामण! हा कागद कुणी आणून दिला?"

"बाबा, पंधरवड्यात रोज पन्नास माणसं येऊन गेली. दिला असेल कुणीतरी."

वडलांसारखाच जो माणूस कोट घातलेल्याला पाणी द्यायच्या आधी त्याच्या चपला बघतो, त्यानं त्या दिवशी कागद उलटून पाहिला नाही. संशयी माणूस आनंदात फसतो, हे मी तेव्हा शिकलो. त्यांनी लिहायला घेतलं. मी आतून ओरडत होतो, गुरुजी, ही माणसं कालपरवा या खोलीत जन्मली, यांना आई नाही, बाप नाही! पण मी पडलो कागद. पाच नावं, एकेक करून, हिरामणच्या बापाखाली उतरली. मग त्यांनी नामपूरला फोन लावला.

आठ दिवसांनी बायडाबाई आल्या. मला वाटलं होतं पेढे आणतील. त्या दारातच उभ्या राहिल्या, चेहरा उन्हात वाळलेल्या चिंचेसारखा. गोरक्ष मात्र तडतडत आत आला.

"गुरुजी, दोन दिवस सिन्नर पालथं घातलं. कारखाने विचारले, गल्ली विचारली. असला कोणी हिरामण नाय तिथं. पाच माणसं एकदम आमच्या घरात आली कुठून? खरं सांगा, कोणाचा डोळा हाय आमच्या मळ्यावर?"

"गोरक्ष!" गुरुजी उठून उभे राहिले. "माझ्या घराण्यानं आजवर..."

"घराण्याचं राहू द्या. कागद दाखवा."

मी मांडणीवर पडलेला. इकडे याचा संशय गुरुजींवर, तिकडे गुरुजींचा कुणावर ते त्यांनाच कळेना. ते स्वानंदीकडे बघत होते, स्वानंदी माझ्याकडे बघत होती. खोलीतल्या चार माणसांना ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं. असलं दुखणं वैऱ्याला होऊ नये.

सगळ्यात वाईट बायडाबाईंचं. त्या हळूच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, सिन्नर म्हणजे दोन येस्ट्या. सकाळी निघालं तर दुपारी पोचते माणूस. पोरं झाली, नातू झाला. पन्नास वर्सं मी समजत व्हते, त्याले येता येत नसंल. कुठं लांब असंल, नाहीतर नसंल. आणि तो सिन्नरले बसून आला नही. म्हणजे रागे शे. अजून रागे शे."

गुरुजी माझ्यावरचं ते पान परत परत बोटानं वाचू लागले.

एवढ्यात स्वानंदीनं कपाटातली जुन्या कागदांची पिशवी काढली. उतरवून झालेला कागद आम्ही टाकत नाही. तिनं तो शोधला आणि उलटला. मोठ्यानं वाचलं म्हणून मला कळलं, "इयत्ता आठवी, घटक चाचणी, इतिहास." मग म्हणाली, "बाबा, दर शनिवारी येणाऱ्या त्या बाई सिन्नरला शाळेतच शिकवतात ना?"

गुरुजींनी फोन उचलला.

त्याच दुपारी उज्वला आली. फोनवर तिला काहीच सांगितलं नव्हतं, नुसतं "या" म्हटलं होतं. आत येऊन तिनं माझं पान पाहिलं. तिच्या मनातली माणसं गुरुजींच्या अक्षरात, खऱ्या माणसांच्या रांगेत. ती पांढरी पडली.

"हे मी... हे माझं आहे. हे खरं नाही. मी नाव बदलणार होते."

"कुणाच्या घरातलं माणूस उचलून नेता ताई तुम्ही, आणि नाव बदलणार होतात!" गोरक्ष म्हणाला. "माणूस म्हणजे काय आळीतली कोंबडी हाय का?"

तिनं मान खाली घातली. पण बायडाबाई पुढे सरकल्या. अगदी जवळ.

"खोटं शे हे?"

"हो आजी."

"सिन्नर खोटं? पोरं खोटी?"

"सगळं."

"पक्कं?"

"पक्कं. मी इथंच बसून लिहिलं."

बायडाबाईंनी दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि हसायला लागल्या. असं हसणं मी ऐकलं नव्हतं. गोरक्ष घाबरला, "माय, माय" करायला लागला. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "मंग तो रागे नही रे! सिन्नरले बसून राहिला नही! देवा, आठ दिवस गिळलं नही मी काही."

उज्वला रडायला लागली. "आजी, मी ते सगळं काढून टाकते. आज घरी जाऊन फाडते."

"फाडू नको," बायडाबाई म्हणाल्या. "फाडशील तर कुठं जाईल तो? पण सिन्नरले नको ठेवू. लांब ठेव. येता येणार नही इतका लांब. तुले एवढं कळलं नही का? सख्खा भाऊ दोन येस्ट्यांवर राहून बहिणीकडे येत नही, असा कसा माणूस बनवला तू?"

उज्वलानं डोळे पुसले. मग हळू म्हणाली, "तीन महिने तिथंच अडले होते मी. तो परत का जात नाही, ते मला सापडत नव्हतं. स्वाभिमानी आहे असं लिहून मोकळी झाले होते."

"स्वाभिमान!" बायडाबाई म्हणाल्या. "त्याले भूक लागली की तो चुलीपाशी येऊन बसे, मार खाल्लेला असला तरी. कसला स्वाभिमान? बायकोचं नाव आशा ठेवलं ते बरं शे. भाकरी कशी करते ती?"

"ते... अजून ठरलं नाही."

"मंग आधी ते ठरव," बायडाबाई म्हणाल्या आणि स्वानंदीकडे पाणी मागितलं.

गुरुजींनी संध्याकाळपर्यंत थांबून मग माझ्यावर लिहिलं. लिहिताना मोठ्यानं वाचलं, कदाचित माझ्यासाठीच. 'वरील पाच नावांचं कुटुंब प्रत्यक्षात नाही. ते उज्वला यांच्या कादंबरीसाठी रचलेलं. नजरचुकीनं उतरलं. चूक माझी, बाळाजी.' खाली उज्वलाची सही. या खेपेला हात जड. तिच्या सहीखाली बायडाबाईंचा अंगठा, गच्च दाबलेला.

उज्वला अजून येते. कादंबरी अजून चाललीय. बायडाबाईंना ती फोन करते, तो काय खायचा, शीळ घालायचा का, कुठल्या कुशीवर झोपायचा, असलं विचारते. त्या सांगतात, मग मध्येच दटावतात, "हे नको लिहू, हे घरचं शे." आणि तीही ते लिहीत नाही, असं ती गुरुजींना सांगते. मी अर्धा विश्वास ठेवतो. लिहिणाऱ्या माणसावर पुरा ठेवू नये, असं माझं मत आहे. तिच्या हाताला माझा आक्षेप नाही. भूक मात्र तिची अजून तशीच आहे.

मी आता थकलो. कडा सुटतात, शिवण ढिली झाली. सिंहस्थाच्या कामांची धूळ खिडकीतून येते, कपाटात शिरते. गौरांग सुट्टीच्या दिवशी माझ्या एकेका पानाचा फोटो काढतो, म्हणतो सगळं कॉम्प्युटरवर जाईल. जाऊ दे. त्या रचलेल्या कुटुंबाखाली गुरुजींनी, खरा हिरामण आला तर म्हणून, तीन ओळी कोऱ्या सोडल्यात, त्यांचाही त्यानं फोटो काढला.

मागच्या महिन्यात मात्र एक गोष्ट झाली, आणि मला नवाच संशय लागला. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा दारात आला. बोलण्याला कुठल्यातरी दूरच्या मुलखाची चाल. म्हणाला, "नामपूरचे उपाध्ये इथेच का?" गुरुजी म्हणाले, "हो, या. नाव काय?" तो मांडणीकडे, माझ्याकडे, बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "परत येतो," आणि वळला. गुरुजी अनवाणी त्याच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेले. गर्दीत तो हरवला.

कुणीही असेल. नामपूरची माणसं काय थोडी आहेत? पण तेव्हापासून जिन्यावर सावकाश पावलं वाजली की मी कान देतो.

म्हाताऱ्या बाबा, तू जर हिरामण असशील, तर ऐक. ती बारा वर्षांची होती. चहाडी केली, चुकली, आणि त्यानंतर तिनं तुझं श्राद्ध घालू दिलं नाही, गाव हसलं तरी. तू कुठं होतास, ते तुला सांगायचं नसेल तर नको सांगू. नाव सांगायला जीभ उचलली नाही तरी चालेल. दारात उभा राहा आणि नुसतं गाव सांग. पुढचं गुरुजी विचारतील.